चौदा आडव्या बाटल्या

आडवी ठेवलेली बाटली कुठे दिसली की मला अजून अंधेरीचं ते प्रकरण आठवतं. खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात एक ओळसुद्धा छापून आली नाही. नोकरीत मी याच्या दसपट मोठे गुन्हे उघडकीला आणले आणि त्यांतले निम्मे आता विसरलो. हे मात्र जात नाही, कारण यातली सगळ्यांत मोठी चूक माझी होती आणि ती मी पहिल्या पाच मिनिटांत केली होती.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी तेव्हा अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीत एका टोकाला कारखाने, दुसऱ्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी मोजके जुने बंगले आणि त्या बंगल्यांच्या मागे दगडाच्या खाणी. दुपारी एकच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडायचे. टेबलावरचा कप बशीत थरथरायचा आणि आम्ही जेवणाचे डबे उघडायचो. घड्याळाची गरज पडत नसे.

एका सकाळी त्या बंगल्यांपैकी एकातल्या बाई फिर्याद द्यायला आल्या. वय तिशीच्या आसपास, विलायतेत डॉक्टर. वडील दीड वर्षापूर्वी वारले होते. तेही डॉक्टरच, उमेदीची वर्षं प्रवासी जहाजांवर काढलेली. बाईंना अंत्यविधीला पोचता आलं नव्हतं. आता बंगल्याचं काय ते बघायला महिनाभराची रजा काढून आल्या होत्या. आल्या आल्या तळघर उघडलं, तर तिथली लाकडी मांडणी रिकामी. चौदा बाटल्या गेल्या होत्या.

"कसल्या बाटल्या?" मी विचारलं.

"वाईनच्या. फ्रान्समधली लाल वाईन. माझ्या जन्माच्या सुमाराला बाबांनी घेतली होती."

"म्हणजे तीस वर्षं जुनी?" मला वाटलं, एवढी जुनी झाली तर फेकून द्यायला हवी. तसं बोललो नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं.

"साहेब, बाबा प्रत्येक पत्रात तिच्याबद्दल लिहायचे," बाई म्हणाल्या. "आता कशी लागते, अजून किती थांबायचं. मला त्यांचं तोंडही बघता आलं नाही शेवटी. त्यांचं म्हणावं असं एवढंच राहिलं होतं."

तळघराची किल्ली एकाच माणसाकडे होती. त्याला सगळे तात्या म्हणत. मालवणकडचा, बाईंच्या वडिलांबरोबर त्याच जहाजावर स्टुअर्ड होता, म्हणजे जेवणाच्या टेबलावर वाढणारा. डॉक्टरांनी बोट सोडली तेव्हा त्यानंही सोडली आणि पुढची पंचवीस वर्षं बंगल्याच्या आवारातल्या खोलीत राहून घर सांभाळलं. बाई आल्या तेव्हा त्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, गावाला गेलाय.

"तुमचा संशय त्याच्यावर?"

"तात्यांनी मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलंय हो. म्हणून तर जास्त लागलं."

मी गुन्हा नोंदवला. घरगड्यानं केलेली चोरी, याला कायद्यात वेगळं कलम आहे आणि शिक्षाही जास्त. खरं सांगतो, मला ते प्रकरण फालतू वाटलं होतं. दारूशी माझा संबंध तो धाडीपुरता. रबरी ट्यूबमध्ये भरलेली हातभट्टी पकडायची, पंच बोलवायचे आणि पंचनाम्यात ठरलेलं वाक्य लिहायचं: 'पंचांनी वास घेतला असता उग्र आंबट वास येत असल्याचे आढळले.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेतही लिहिलं असतं. चौदा बाटल्यांसाठी कुणी डोळ्यांत पाणी आणील हे माझ्या पलीकडचं होतं.

चार दिवसांनी तात्या गावाहून परतला. हातात पत्र्याची ट्रंक, खांद्यावर पिशवी. आम्ही खोलीच्या दाराशी उभेच होतो. सडपातळ, ताठ पाठीचा म्हातारा, पांढऱ्या सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. नखं बारीक कापलेली. मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग ट्रंक खाली ठेवून एकच प्रश्न विचारला.

"साहेब, समजा बाटल्या मिळाल्या, तर तुम्ही त्यांचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे?" मी वर्दीच्या तोऱ्यात म्हणालो. "मुद्देमाल आहे तो. जप्त करणार, गरम लाखेचं सील ठोकणार, बूच काढून नमुना तपासायला पाठवणार. बाकीचा माल ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, केस संपेपर्यंत."

"किती दिवस?"

"कोर्टाची मर्जी. दोन वर्षं लागतील, चार लागतील."

तो मान हलवून "चला" म्हणाला. ट्रंक आत ठेवली, कुलूप लावलं आणि माझ्या पुढे चालायला लागला. जीपमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाला, "बायला एकदा भेटू द्या." बाय म्हणजे त्या डॉक्टर बाई. त्या तोवर घाटकोपरला आत्याकडे राहायला गेल्या होत्या.

"का? फिर्याद मागे घ्यायला लावायचीय?" मी म्हणालो. "भेटबिट काही नाही."

लगेच अटक दाखवली असती तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागलं असतं, आणि माझ्या हातात तर काहीच नव्हतं. म्हणून मी त्याला रोज चौकशीला बोलवायचं ठरवलं. तो सकाळी नऊच्या ठोक्याला यायचा, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. पळून जाण्याची भीती मला कधी वाटली नाही.

चौकशीचं तंत्र असतं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. न विचारलेलंही सांगतो, शपथा घेतो, मधेच पाणी मागतो. तात्या तसलं काही करेना.

"बाटल्या विकल्या?"

"नाही."

"प्यायलात?"

"नाही."

"मग फोडल्या का?"

इथे पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "फोडतलंय कित्याक?" आणि लगेच सावरून, "मी का फोडीन, साहेब?"

"मग आहेत कुठे?"

"ते सांगणार नाही."

मी चक्रावलो. चोर म्हणतो, मला माहीत नाही. हा म्हणत होता, माहीत आहे पण सांगणार नाही. असा आरोपी मला आधी भेटला नव्हता आणि नंतरही फार थोडे भेटले. आमचे हवालदार कुडाळचे. त्यांनी चहा पाजून गावच्या भाषेत गोंजारून बघितलं. तात्यानं चहा घेतला, कप विसळून जागेवर ठेवला आणि म्हणाला, "हवालदारांनू, तुमी बरे मनीस असात. पण मी सांगूचंय नाय." हवालदारांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खबर आली. बसस्टॉपजवळचा पानवाला माझा जुना खबरी. समोरून जाणारी प्रत्येक पिशवी त्याच्या लक्षात राहायची.

"साहेब, तो बंगल्यातला म्हातारा ना? मागच्या महिन्यात रोज सकाळी बोरिवलीच्या पहिल्या बसमध्ये बसायचा. मांडीवर गठुडं. येताना हात मोकळे. असं सात दिवस चाललं होतं."

"गठुडं केवढं?"

"लहानसं. पण धरायचा कसा, माहितीये? तान्ह्या पोरासारखं, आडवं. एकदा कंडक्टर म्हणाला, खाली ठेव ना बाबा, तर त्याच्याशी भांडला. बसमधले सगळे हसले."

सात फेऱ्या, चौदा बाटल्या. फेरीला दोन. मी खूश झालो. म्हातारा बोरिवलीला कुणालातरी माल पोचवत होता, हे उघड होतं. मी त्याच्यासमोर सगळं मांडलं, बसचा नंबरसुद्धा सांगितला. माझी अपेक्षा होती की आता तरी बोलेल.

"बरोबर," तो म्हणाला. "बोरिवलीलाच नेल्या."

"कोणाला विकल्या?"

"विकल्या नाहीत."

"मग कोणाकडे आहेत?"

"ते सांगणार नाही."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. आमच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरांना, मी रिपोर्ट दिला. ते म्हणाले, "अरे, कबूल करतोय ना नेल्या म्हणून? मग वाट कसली बघतोस? उद्या संध्याकाळी अटक दाखव आणि रिमांड घे. दोन रात्री आत काढल्या की बोलेल पोपटासारखा." साहेबांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. कागदावर तो चोरच होता. एकदा अटक झाली की पंचवीस वर्षांच्या इमानावर चोरीचा शिक्का बसणार होता, तो पुसायला त्याच्याकडे तेवढं आयुष्य उरलं नव्हतं. पण मला झोप येईना. हा माणूस स्वतःला वाचवायला तोंड उघडत नव्हता, मग तो वाचवत कोणाला होता?

तिसऱ्या दिवशी ते घडलं. आदल्या दिवशी आमच्या पोरांनी एका विनापरवाना गुत्त्यावर धाड घातली होती. हवालदारांनी तो माल मोजायला म्हणून ठाण्याच्या आवारात मांडला होता. हातभट्टीच्या ट्यूब, डबे आणि गोव्याच्या स्वस्त पोर्ट वाईनच्या दोन बाटल्या. दुपारचं ऊन चटके देत होतं. तात्या बाकावर बसून त्या बाटल्यांकडे बघत होता. थोडा वेळ चुळबुळ केली आणि एकदम उठून आवारात गेला.

"ए म्हाताऱ्या, कुठं चाललास?" एक शिपाई ओरडला.

तात्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. वाकून पोर्टच्या दोन्ही बाटल्या उचलल्या, त्यांच्या मानेला तळवा लावून बघितला, त्या बाकाखालच्या सावलीत आणल्या आणि आडव्या ठेवल्या. गडगडू नयेत म्हणून खाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. मग पुन्हा आपल्या जागी बसला.

"तापल्या होत्या," तो मला म्हणाला. मी दारातच उभा होतो. "स्वस्तातली असली म्हणून काय झालं?"

तेवढ्यात एक वाजला. खाणीत सुरुंग उडाला आणि आत टेबलावरचा माझा कप बशीत खडखडला. तात्यानं डोळे घट्ट मिटले आणि मग हळूच उघडले.

"या आवाजाची भीती वाटते तुम्हाला?" मी विचारलं.

"आता नाही वाटत," तो म्हणाला.

त्या 'आता'नं मला जेवू दिलं नाही. डबा तसाच उघडा राहिला. फिर्यादीच्या दिवशी पंचनाम्याला गेलो तेव्हा बघितलेली तळघरातली मांडणी मी डोळ्यांपुढे आणली. ती बंगल्याच्या मागच्या भिंतीला लागून होती आणि त्या भिंतीमागे खाण. रोज दुपारी एक वाजता ती मांडणी हादरत असणार. मग बसमधलं आडवं गठुडं आठवलं, कंडक्टरशी झालेलं भांडण आठवलं. विकायला नेणारा माणूस बाटल्या पिशवीत कोंबतो, सात-सात दिवस मांडीवर निजवून नेत नाही. आणि मग त्याचा तो पहिला प्रश्न आठवला, बाटल्या मिळाल्या तर काय करणार. आणि माझं उत्तर. गरम लाख, बूच काढून नमुना, पत्र्याची खोली, चार वर्षं. कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं मला. तीन दिवस मी ज्या तोंडातून शब्द काढायला धडपडत होतो, ते तोंड मीच बंद केलं होतं.

मी बाहेर आलो आणि बाकावर त्याच्या शेजारी बसलो. आरोपीच्या शेजारी अधिकारी बसत नाही. शिपाई बघायला लागले.

"तात्या," मी म्हणालो. इतके दिवस मी त्याला नावानंच हाक मारत होतो. "आमच्या मुद्देमाल खोलीला पत्रा आहे. मे महिन्यात आत मेणबत्ती वाकते. तुमच्या बाटल्या मी तिथे आणणार नाही. बूच काढणार नाही. लाख बाटलीला लावणार नाही. आहेत तिथेच पंचनामा करीन आणि तिथेच ठेवीन. आता सांगा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि तुमचे मोठे साहेब?"

"त्यांचं मी बघतो."

"ज्यांच्या जागेत ठेवल्यात त्यांना त्रास?"

"होणार नाही. माझा शब्द."

त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. पुसायला वेळ लागला. मग म्हणाला, "बायला पण बरोबर घेऊया."

मोठे साहेब माझ्यावर बरसले. "तुझं डोकं फिरलंय का? आरोपीला शब्द देतोस?" मी म्हटलं, "साहेब, संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नाही मिळाल्या तर अटक मी स्वतः दाखवतो." ते पुटपुटत राहिले, पण जीप दिली.

घाटकोपरहून बाईंना घेतलं. त्या पुढे बसल्या, तात्या मागे. बाईंनी रस्ताभर मागे वळून बघितलं नाही. बोरिवली पश्चिमेला तेव्हा मोगऱ्याच्या आणि भाजीच्या वाड्या होत्या. अशा एका वाडीशी तात्यानं जीप थांबवली. वाडी त्याच्या गावच्या एका विधवा बाईंची. वाडीत जुनी, बांधलेली विहीर होती, आणि विहिरीच्या काठाला, दहा पायऱ्या खाली, दगडी खोली. पूर्वी पंप तिथे होता. नवा पंप वर बसवल्यापासून ती रिकामी पडली होती. मे महिन्याचे दिवस होते, पण पायरी-पायरीनं गारवा वाढत गेला. ओल्या मातीचा वास होता आणि आवाज कसलाच नव्हता.

टॉर्च मारला. जमिनीवर वाळूचा बिछाना, त्यावर भिजवलेलं गोणपाट, आणि त्यावर चौदा बाटल्या एका ओळीत आडव्या. प्रत्येकीच्या वरच्या अंगाला पांढऱ्या चुन्याचं एक बोट ओढलेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"जहाजावर शिकलो, साहेब. आमच्या वाईनच्या कोठीचा मुख्य फ्रेंच होता, तो करायचा. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. पण जुन्या वाईनला गाळ धरतो, तो एका अंगाला बसतो. बाटली हलवायची वेळ आली तर खूण वर ठेवूनच हलवायची. एकदा गाळ ढवळला की तीस वर्षांचं सगळं मातीत." त्यानं गोणपाटाची कड सरळ केली. "खाणवाले गेल्या वर्षी पार कुंपणापर्यंत आले. रोज दुपारी मांडणीवर माती गळायची. डॉक्टर असते तर भांडले असते त्यांच्याशी. माझं कोण ऐकणार? म्हणून हलवल्या. मग भावाच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो. बाय येणार हे मला कळलंच नाही."

"आणि चुना कुठला?"

"बसस्टॉपवरच्या पानवाल्याकडून घेतला."

हवालदार खो-खो हसले. माझा खबरी तात्याला चुना देऊन माझ्याकडे त्याचीच खबर विकून गेला होता.

बाई खाली बसल्या होत्या. बिछान्याच्या उशाशी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली वही होती, ती त्यांनी उघडली. डॉक्टरांनी मुळात दोन पेट्या, म्हणजे चोवीस बाटल्या आणल्या होत्या. दोन-तीन वर्षांतून एक उघडायची आणि दोघांनी कशी लागली ते लिहायचं. डॉक्टरांचं अक्षर शाईचं, तात्याचं गोल गोल पेन्सिलीचं. टॉर्चच्या उजेडात बाई मोठ्यानं वाचायला लागल्या. पहिल्या पानावर पेन्सिलीनं: 'तोंड आवळलं. कच्च्या काजूच्या बोंडासारखी. अजून रागात आहे. थांबणे.' बऱ्याच पानांनी शाईत: 'राग उतरला. पिकलेलं जांभूळ. मागून तंबाखूच्या डबीचा वास.' शेवटची नोंद शाईचीच, पण हात थरथरलेला. 'आता बोलायला लागली आहे. दोन वर्षं हात लावू नये. पुढची बाटली मुलगी आल्यावर.'

बाईंनी पान उलटलं. पुढे काही नव्हतं.

"तात्या, तुम्ही मला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

"तू माका इचारलंस खय गो बाय?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, कारण तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं भेट मागितली तेव्हा मी ती नाकारली होती.

बाईंनी त्याचे पाय धरले. तो गडबडला, मागे सरकला, तिला उठवायला लागला. "रडतंस कित्याक? हयसर रडा नको. लेबलां भिजतली."

ती रडता रडता हसली. मी हवालदारांना पंचनामा लिहायला सांगितला, कारण तसं काही केलं नसतं तर माझंही काही खरं नव्हतं. शेजारच्या वाडीतले दोन पंच आले. लिहिता लिहिता हवालदारांनी सवयीनं मान वर केली. "साहेब, वासाचं वाक्य?"

"वास घेतला नाही, असं लिहा," मी म्हटलं.

लाखेचं सील मी बाटल्यांना नाही, खोलीच्या दाराला लावलं. मोठ्या साहेबांनी पंचनामा दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. प्रकरणात 'सी' समरी पाठवली. म्हणजे फिर्याद खोटी नाही, पण गैरसमजातून दिलेली. दारू बाळगण्याच्या परवान्याचा घोळ होताच, कारण परवाना डॉक्टरांच्या नावावर आणि डॉक्टर तर गेलेले. बाईंनी रजा वाढवून घेतली आणि वारस म्हणून रीतसर अर्ज केला. उत्पादन शुल्क खात्यातल्या एका समजूतदार माणसानं तो अडवून ठेवला नाही. कोर्टाचा आदेश आला, मी दाराचं सील काढलं आणि वाडीवाल्या मावशींनी मला गजरा दिला, बायकोसाठी.

परत जायच्या चार दिवस आधी बाईंनी निरोप धाडला. एक बाटली उघडायची आहे, तुम्ही आलंच पाहिजे. ती बाटली बोरिवलीहून मीच आणली. टॅक्सीत मागे बसून, मांडीवर आडवी, चुन्याचं बोट वर. ड्रायव्हरला म्हटलं, खड्डे चुकव. त्यानं आरशातून माझ्याकडे जे बघितलं, तसंच बसमधल्या लोकांनी तात्याकडे बघितलं असणार. बंगल्यावर तात्यानं ती हलक्या हातानं उभी केली आणि दोन दिवस तशीच ठेवली, गाळ तळाला बसायला.

मी गणवेश घरी ठेवून गेलो. संध्याकाळचे पाच वाजले होते, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, तरी तात्यानं मेणबत्ती लावली. बूच अगदी सावकाश काढलं. मग बाटलीची मान ज्योतीपुढे धरून काचेच्या सुरईत धार सोडली. हात जराही हलला नाही. काचेतून काळी रेघ मानेशी सरकताना दिसली, त्याच क्षणी धार थांबली. तळाला दोन बोटं राहिली होती.

"एवढी फुकट जाणार?" मी विचारलं.

"तेवढी बाटलीची," तात्या म्हणाला. "ती मागायची नसते."

मी वास घेतला. शेकडो पंचनाम्यांत 'उग्र आंबट' लिहिणारा मी, मला शब्द सुचेना. उग्र नव्हता, आंबट नव्हता. पहिला घोट आवडला नाही, खोटं कशाला बोलू. साखर न घातलेल्या कोकमासारखा लागला. मी चेहरा सरळ ठेवला, पण तात्यानं ओळखलं. "घाई नको, साहेब. तीस वर्षं कोंडून होती. जरा वारा लागू दे तिला." आम्ही गप्पा मारत बसलो. बाई लहानपणच्या खोड्या सांगत होत्या, तात्या त्यातल्या निम्म्या नाकारत होता. अर्ध्या तासानं मी पुन्हा घोट घेतला. तीच वाईन, तोच पेला, पण जांभूळ आलं, आजोबांच्या सागवानी पेटीचं झाकण उघडल्यावर यायचा तो वास आला, आणि गिळून झाल्यावरही ती बराच वेळ तोंडात राहिली. तात्या माझ्याकडे बघून हसला.

मग त्यानं वही आणली आणि पेन्सिल स्वतः न घेता बाईंपुढे ठेवली. बाईंनी विचार करून लिहिलं: 'बाबा, मी आले. उशीर झाला. तुमच्यासारखीच बोलते ही, सावकाश. तात्यांनी सांभाळली.' जरा थांबून त्याखाली लिहिलं: 'तेरा तात्यांकडे. दोन वर्षं हात लावू नये. पुढची मी आल्यावर.' तात्यानं वही चष्म्याजवळ धरून वाचली, मिटली आणि आत ठेवायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. बंगला विकायचं बाईंनी तेव्हा पुढे ढकललं. दोन वर्षांनी त्या खरंच आल्या. मला बोलावणं होतं, पण माझी बदली झाली होती.

बदलीआधी मी एक काम करून घेतलं. मुद्देमाल खोलीच्या पत्र्याखाली बांबूची तट्टी ठोकली. हवालदार म्हणाले, हातभट्टीला काय करायचाय गारवा? मी म्हटलं, असू दे.

चौकशीत आम्ही एकच गोष्ट शोधायला शिकतो, की समोरचा माणूस कशाला घाबरतोय. मार, तुरुंग, बदनामी. तात्या यांतल्या कशालाच घाबरत नव्हता, म्हणून माझं कुठलंच हत्यार चाललं नाही. तो कशासाठी तरी घाबरत होता. हा फरक समजायला मला तीन दिवस लागले, आणि अजून एक दिवस लागला असता तर एका सरळ माणसाला मी मॅजिस्ट्रेटपुढे चोर म्हणून उभं केलं असतं. ती लाज मी नोकरीभर जवळ बाळगली, आणि मला वाटतं तिनंच मला जरा बरा पोलीस केला.

त्यानंतरही अनेकांनी मला तोच प्रश्न विचारला. कुणी चोरलेल्या सायकलीबद्दल, कुणी दागिन्यांबद्दल, एकदा तर घर सोडून पळालेल्या मुलीबद्दल एका बाईनं विचारला, "मिळाली तर तुम्ही तिचं काय करणार?" मी वर्दीतलं उत्तर पुन्हा कधी दिलं नाही. टोपी काढून टेबलावर ठेवायचो आणि विचारायचो, "तुम्ही सांगा, काय करायला हवं?" आणि बहुतेक वेळा माणूस बोलायला लागायचा.